केसतोड झालंय? आधी हात मागे घ्या

नाशिकमधल्या अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या प्रथमोपचार खोलीत मी परिचारिका आहे. बोट कापलं, डोळ्यात कण गेला, पायावर काही पडलं की माणसं धावत येतात. केसतोडवाला मात्र दार अर्धवट ढकलून उभा राहतो. बसा म्हटलं तर बसत नाही, कारण त्याला बसवतच नसतं. मग हळूच म्हणतो, "सिस्टर, मांडीवर केसतोड झालंय. एखादी गोळी द्या ना."

तोवर त्याचे बरेच उपाय करून झालेले असतात. नखाने दाबून झालेलं असतं, सेफ्टी पिनने टोचून झालेलं असतं, खोलीतल्या मित्राची कुठलीतरी ट्यूब चोळून झालेली असते. चार दिवसांत आपोआप बसली असती अशी पुळी मग पंधरा दिवसांचं दुखणं होऊन बसते. ज्यांना हे पहिल्यांदाच झालंय आणि कुठून सुरुवात करावी हे कळत नाही, त्यांच्यासाठी क्रमाने लिहिते.

आत नेमकं काय होतं

अंगावरचा प्रत्येक केस त्वचेतल्या एका अरुंद पिशवीत उभा असतो. तिला रोमकूप म्हणतात. कूप म्हणजे विहीर, आणि ती असतेही तशीच: तळाशी केसाचं मूळ, कडेला तेलाची ग्रंथी, वर उघडं तोंड. या विहिरीत जंतू शिरले, सूज आली, पू धरला की झालं केसतोड. तळहात, तळपाय आणि ओठांवर रोमकूप नसतात. त्यामुळे तिथे आलेला फोड दुसरं काहीही असेल, केसतोड नसतं.

जंतू बहुतेक वेळा एकच असतो, स्टॅफिलोकॉकस ऑरियस. १८८० च्या सुमारास स्कॉटलंडमधल्या ॲबरडीनचे शल्यचिकित्सक अलेक्झांडर ऑगस्टन यांनी गळवांमधला पू सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तेव्हा त्यांना गोल गोल जंतूंचे घोस दिसले. ग्रीक भाषेत स्टॅफिली म्हणजे द्राक्षांचा घड, त्यावरून हे नाव पडलं. द्राक्षबागांत वाढलेल्या निफाड-दिंडोरीकडच्या माणसाला ते एकदा सांगितलं की पुन्हा सांगावं लागत नाही. साधारण दहांपैकी तीन माणसांच्या नाकात हा जंतू कुठलाही त्रास न देता मुक्काम करून असतो. त्वचा धड असेल तर त्याला आत शिरता येत नाही. घासून, ओढून, ब्लेड फिरवून, तेल-घामाने तोंड बंद करून आपण विहिरीचा काठ खचवला की तो आत उतरतो.

आपल्या जुन्या शब्दाने हे बरोबर हेरलंय. केस तुटला, ओढला गेला, म्हणून केसतोड. पापणीच्या केसाच्या मुळाशी हेच झालं की रांजणवाडी, काखेत झालं की काखमांजरी. नावं वेगळी, गोष्ट एकच.

पहिली पायरी: उजेडात नीट बघा

खिडकीपाशी जा. पाठीवर किंवा मांडीच्या मागे असेल तर घरातल्या कुणाला मोबाइलवर फोटो काढायला सांगा. फोटो मोठा करून बघितलात तर केसतोड लगेच ओळखू येतं: मधोमध एक केस, त्याच्या बुडाशी ज्वारीच्या दाण्याएवढं किंवा त्याहून लहान पांढरट-पिवळं टोक आणि भोवती लालसर कडं. सावळ्या त्वचेवर ते कडं लाल न दिसता काळपट, जांभळट दिसतं. हात लावला की चुरचुरतं, कधी खाज सुटते.

केस मधोमध दिसत नसेल तर थांबा. उन्हाळ्यात मानेवर, पाठीवर बारीक टाचणीच्या टोकाएवढी पुरळ येते ती घामोळं. तिचा संबंध घामाच्या नळीशी असतो, केसाशी नसतो. गोल चकत्यासारखी, कडेने वाढणारी आणि मधे निवळणारी खाज म्हणजे नायटा. रात्री जास्त खाजतं, बोटांच्या बेचक्यांत पुरळ आहे आणि घरात आणखी कुणालाही खाज आहे, तर खरजेचा संशय घ्या. अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखे आग होणारे फोड असतील तर ती नागीण असू शकते. तिच्यावरचं औषध पहिल्या तीन दिवसांत सुरू झालं तर चांगलं लागू पडतं, तेव्हा तिथे घरगुती उपायात वेळ दवडू नका. आणि दंडाच्या मागच्या बाजूला वर्षानुवर्षं काटा आल्यासारखी खरखरीत कातडी असते ना, तो संसर्गच नव्हे. ती अनेकांची असते, तिला नुसतं मॉइश्चरायझर पुरतं.

केसतोडच आहे असं ठरलं की त्याची खोली बघा. वरवरची पुळी त्वचेच्या पृष्ठभागावर असते, हलकी दुखते, आठ-दहा दिवसांत जाते. पुळीखाली कडक, गरम, ठसठसणारी गाठ लागली तर ते गळू, कोकणात ज्याला करट म्हणतात ते. आणि शेजारशेजारच्या कित्येक रोमकूपांतली गळवं आतून एकमेकांना मिळाली, वर चाळणीसारखी अनेक तोंडं दिसू लागली, तर ती काळपुळी. वरवरची पुळी घरी बघता येते. लहान गळवाला दोन-तीन दिवस शेक देऊन बघता येतो. काळपुळीला घरी हात लावायचा नाही.

दुसरी पायरी: कारण शोधा

इथे मी जरा रेंगाळणार आहे. औषध सगळे विचारतात, पण कारण हटवलं नाही तर तीच पुळी त्याच जागी परत येते.

आमच्या लेथवर काम करणारा एक मुलगा दर महिन्याला यायचा. दोन्ही मांड्यांच्या पुढच्या बाजूला बारीक काळी टोकं, त्यांच्यात चार-पाच पिकलेल्या पुळ्या. दोनदा औषध घेऊन झालं, दोनदा बरं झालं, दोनदा परत आलं. तिसऱ्यांदा मी त्याला पॅण्टचे खिसे रिकामे करायला सांगितले. दोन्ही खिशांत हात पुसायची फडकी निघाली, कटिंग ऑइलने चिंब झालेली. त्यातलं एक मी टेबलावर पसरून दिव्याखाली धरलं तर त्यात लोखंडाचे बारीक कण चमकत होते. आठ तास ते तेल कापडातून मांडीवर झिरपत होतं आणि प्रत्येक पावलाला ते कण कातडी घासत होते. फडकी खिशातून काढून मशीनच्या कडेला अडकवायची, एवढं एक ठरवलं. त्यानंतर त्याला पुन्हा औषध लागलं नाही.

सातपूर-अंबडला नव्याने मशीनवर लागलेल्या मुलांना माझं सांगणं असं. नुसत्या तेलाने रोमकूपाचं तोंड बुजतं आणि केसतोड होतं. पाणी मिसळलेल्या कूलंटने जास्त करून कातडी कोरडी पडते, भेगाळते, आणि त्या भेगांतूनही जंतू शिरतात. तेलाचे कपडे रोज बदला, घरच्या कपड्यांत मिसळून धुऊ नका. कोपरापर्यंत हात साबणाने धुवा. रॉकेल, थिनर किंवा पेट्रोलने हात पुसायची सवय अनेक जुन्या कामगारांची आहे. ती उचलू नका. त्याने तेल निघतं आणि त्वचेचं स्वतःचं संरक्षक तेलही निघून जातं.

द्राक्षबागेत गोष्ट वेगळी. गोडी छाटणीनंतर फवारण्या सुरू होतात, वर ऑक्टोबरचं ऊन, अंगात प्लॅस्टिकचा रेनकोट, पाठीवर पंप. आत घामाच्या धारा लागतात आणि पंपाचे पट्टे खांद्यावर, काखेजवळ घासतात. संरक्षक पोशाख काढून टाका असं मी कधीही म्हणणार नाही, औषध अंगावर उडणं त्याहून घातक आहे. आत सुती बनियन घाला, पट्ट्याखाली मऊ कापडाची घडी ठेवा, फवारणी झाली की लगेच साबण लावून आंघोळ करा आणि ते कपडे वेगळे धुवा. लासलगाव-पिंपळगावला गोणी वाहणाऱ्या हमालांच्या मानेवर आणि खांद्यावर येणाऱ्या पुळ्यांचं मूळही असंच घासण्यात असतं. रोज धुतलेला, कोरडा पंचा खांद्यावर असला तरी बराच फरक पडतो.

दाढी हे तिसरं मोठं कारण. पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं, नाशिकरोडच्या तोफखाना केंद्रातले जवान, रोज गुळगुळीत दाढी करावी लागणारे सगळे यात येतात. केस कुरळे, राठ असतील तर कापलेलं टोकदार टोक वळून परत कातडीत घुसतं आणि गळ्यावर, जबड्याखाली पुळ्या उठतात. इथे जंतू नंतर येतो, आधी केसच काट्यासारखा टोचत असतो. शक्य असेल तर तीन-चार आठवडे दाढी वाढू द्या. नोकरीमुळे जमत नसेल तर ट्रिमरने एखादा मिलिमीटर राखून कापा. ब्लेडच वापरायचं असेल तर आंघोळीनंतर केस मऊ असताना, फेस लावून, केसांच्या दिशेने, कातडी न ताणता फिरवा आणि एकाच जागेवरून पुन्हा पुन्हा नेऊ नका. सलूनमध्ये बसलात तर नवं ब्लेड तुमच्या डोळ्यांसमोर घालायला सांगा. सांगायला संकोचू नका. अशा ब्लेडमधून कावीळ बी आणि सी सुद्धा पसरते.

मुंडणाचंही तेच. आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. रामकुंडावर क्षौर करून माणूस थेट गंगेत उतरतो, म्हणजे डोक्यावर ब्लेडच्या बारीक चिरा आणि लगेच हजारो माणसं उतरलेलं पाणी. सिंहस्थात तर ही गर्दी कित्येक पटींनी वाढते. श्रद्धेला धक्का न लावता एक करता येतं: स्नान झाल्यावर मुक्कामी पोचताच नळाच्या स्वच्छ पाण्याने, साबणाने डोकं पुन्हा धुवा आणि दोन दिवस तेल लावू नका. लहान मुलाचं जावळ काढताना हे जास्तच जपा.

बायकांच्या बाबतीत विचारायचे प्रश्न वेगळे. पार्लरमध्ये वॅक्सिंग झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हातापायांवर पुळ्या उठल्या का? वॅक्समध्ये केस मुळासकट उपटला जातो, विहिरीचं तोंड उघडं पडतं. त्यानंतर एक-दोन दिवस घट्ट लेगिंग, जिम, पोहणं आणि सुगंधी लोशन टाळा. कमरेभोवती एका रेषेत येणाऱ्या पुळ्या बहुतेकदा परकराच्या नाडीच्या असतात. नाडीची जागा रोज थोडी वरखाली करा, किंवा काही दिवस रुंद पट्ट्याचा परकर वापरा. हे मी माझ्या आईच्या कमरेवर बघून शिकले.

रिसॉर्टवर गरम पाण्याच्या टबात बसून आल्यावर साधारण ८ ते ४८ तासांनी पोहण्याच्या कपड्याखालच्या भागात खाजरी पुरळ उठली, तर तो स्यूडोमोनास नावाचा दुसरा जंतू असू शकतो. गरम पाण्यात क्लोरीन लवकर उडून जातं आणि तो माजतो. चांगल्या प्रकृतीच्या माणसात हे आठ-दहा दिवसांत आपोआप जातं. ओले कपडे लगेच बदलायचे आणि त्या टबात पुन्हा उतरायचं नाही.

आणखी एक प्रकार फार फसवतो. छाती, पाठीचा वरचा भाग, खांदे आणि कपाळावर सगळ्या एकाच मापाच्या, दुखण्यापेक्षा खाजणाऱ्या पुळ्या. मुलगा म्हणतो, "पिंपल्स आहेत, गोळ्या चालू आहेत, पण वाढतच चाललंय." हे मलासेझिया नावाच्या बुरशीचं काम असू शकतं. ती सगळ्यांच्याच त्वचेवर असते. घाम आणि तेल वाढलं की फोफावते. जंतूंवरच्या अँटिबायोटिक गोळ्यांनी तिचे शेजारी मरतात आणि तिला रान मोकळं मिळतं. म्हणून गोळीने वाढणाऱ्या पुळ्या दिसल्या की त्वचारोगतज्ज्ञाकडे जायचं. तिथे बुरशीनाशकाने चांगला गुण येतो.

तिसरी पायरी: शेक

घरच्या घरी करण्यासारखं सगळ्यात चांगलं काही असेल तर हेच, आणि सगळ्यात चुकीचं केलं जातं तेही हेच. लोक दोन मिनिटं शेकतात, सोडून देतात, आणि मग पिन हातात घेतात.

आधी साबणाने हात धुवा. स्वच्छ सुती रुमाल किंवा जुन्या धुतलेल्या धोतराचा तुकडा घ्या. पाणी उकळून थोडं निवू द्या आणि मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून बघा; सुखद गरम वाटलं पाहिजे, चटका बसता कामा नये. मधुमेहामुळे ज्यांची संवेदना कमी झाली आहे त्यांनी पाणी दुसऱ्याकडून तपासून घ्यावं. कापड भिजवा, पिळा, पुळीवर ठेवा. गार झालं की पुन्हा भिजवा. असं १० ते १५ मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. नंतर जागा टिपून कोरडी करा, चोळू नका. कापड प्रत्येक वेळी नवं किंवा गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवलेलं हवं.

उबेने त्या जागी रक्तपुरवठा वाढतो, शरीराचे सैनिक तिथे पोचतात, पू वर येतो आणि तोंड आपोआप उघडतं. आजी अळशीचं पोटीस बांधायची तेही याच कारणासाठी. गुण होता तो उबेचा.

फुटलं की कडेकडून मधे न दाबता नुसतं कापसाने टिपा, वर कोरडं गॉज ठेवा, भिजलं की बदला. वापरलेलं गॉज पिशवीत बांधून टाका. तुमचा टॉवेल, साबण, रेझर, उशीचा अभ्रा बरं होईपर्यंत फक्त तुमचाच. एका खोलीत पाच-सहा जण राहणाऱ्या मुलांना हे अवघड जातं हे मला माहीत आहे, तरी निदान टॉवेल तरी वेगळा ठेवा. एकाचं केसतोड महिन्याभरात खोलीभर फिरलेलं मी पाहिलंय.

काय करू नये

पिळू नका. वर जेवढा पू निघतो त्याहून जास्त आत ढकलला जातो आणि वरवरच्या पुळीचं गळू होतं. नाकावर, नाकाच्या बाजूला आणि वरच्या ओठावर तर हात लावायचाच नाही. या भागातल्या शिरा डोळ्यामागच्या शिरांशी जोडलेल्या आहेत. क्वचितच होतं, पण तिथला संसर्ग मेंदूजवळच्या शिरेपर्यंत जाऊ शकतो.

चुना-गूळ लावू नका. बिब्बा तर मुळीच नको. हे मी पुस्तकातून सांगत नाही. मी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होते तेव्हा वडिलांच्या मानेवर काळपुळी आली. बागेची कामं चालू होती, ते कुणाला बोलले नाहीत. घरच्यांनी चुना-गुळाचा लेप दिला. चुना जाळतो; त्याने वरची कातडी भाजली आणि आतला पू तसाच राहिला. पाचव्या दिवशी थंडी वाजून ताप भरला. दवाखान्यात नेलं तेव्हा रक्तातली साखर तीनशेच्या वर निघाली. त्यांना मधुमेह आहे हे तोवर कुणालाच माहीत नव्हतं. जखम चिरून साफ केली, पुढे कित्येक आठवडे मी रोज ड्रेसिंग करत होते. आजही त्यांच्या कॉलरच्या वर रुपयाएवढा पांढरा डाग दिसतो. मानेवरची एक पुळी शरीरातलं एवढं मोठं काही सांगत असते, आणि आम्ही तिच्यावर लेप थापत होतो.

तिसरी गोष्ट, मेडिकलमधून मागून आणलेली तीन-तीन औषधं एकत्र असलेली क्रीम. खाज आणि लाली दोन दिवसांत कमी होते म्हणून ती लोकप्रिय आहेत. ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी नाव दिसलं तर ते स्टेरॉइड आहे. ते सूज दाबतं आणि त्या जागेची लढण्याची ताकदही दाबतं. काही आठवडे लावलं की कातडी पातळ होते, नव्या पुळ्या येतात, बुरशी पसरते. २०१८ मध्ये सरकारने अशी १४ स्टेरॉइड मलमं शेड्यूल एच मध्ये घातली, म्हणजे ती चिठ्ठीशिवाय विकायला मनाई आहे. दुकानदाराने दिली म्हणून ती निर्धोक ठरत नाहीत.

चौथी पायरी: औषध

वरवरच्या चार-दोन पुळ्यांना शेक आणि स्वच्छता पुरते. जास्त असतील तर आंघोळीच्या वेळी बेंझॉइल पेरॉक्साइड असलेलं वॉश एक-दोन मिनिटं ठेवून धुता येतं. सुरुवात एक दिवसाआड करा, कातडी कोरडी पडते. पांढरा टॉवेल वापरा, रंगीत कापडाचा रंग ते उडवतं.

जंतूंवर लावायचं मलम, बहुतेकदा म्युपिरोसिन किंवा क्लिंडामायसिन, डॉक्टरांनी सांगितलं तर आणि सांगितलं तितकेच दिवस लावा. पोटातल्या अँटिबायोटिक गोळ्या खोल किंवा पसरलेल्या संसर्गासाठी असतात. मित्राच्या उरलेल्या चार गोळ्या खाल्ल्याने अर्धे जंतू मरतात आणि उरलेले त्या औषधाला सरावतात. मोठ्या गळवाला गोळीपेक्षा पू काढणंच महत्त्वाचं. जागा बधिर करून डॉक्टर छोटा छेद देतात, आणि ठसठस बहुतेकांची तिथल्या तिथे थांबते. ज्याची भीती वाटून माणसं आठ-आठ दिवस रात्र जागून काढतात ते काम दहा-पंधरा मिनिटांचं असतं.

परत परत होत असेल तर

वर्षात तीन-चारदा गळू झालं तर पहिल्यांदा साखर तपासा. उपाशीपोटीची १२६ किंवा जास्त, किंवा एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) ६.५ टक्के किंवा जास्त आली तर मधुमेहाच्या दृष्टीने पुढची तपासणी लागते. वय तिशीचं असलं तरी तपासा.

साखर ठीक असेल तर जंतू नाकात ठाण मांडून बसला आहे का, हे डॉक्टर बघतील. तसं असेल तर नाकात पाच दिवस दोन वेळा लावायचं मलम आणि अंगाला लावायचं जंतुनाशक वॉश देतात. कधी घरातल्या इतरांनाही तेच करावं लागतं. पू तपासायला पाठवला तर कोणतं औषध लागू पडेल तेही कळतं.

काखेत, जांघेत, स्तनांखाली वर्षानुवर्षं गाठी येतात, फुटतात, आत बोगदे राहतात, व्रण जमतात, जोडीजोडीने काळी टोकं दिसतात, अशा माणसांशी मला मुद्दाम बोलायचंय. याला हायड्राडेनायटिस सप्युरेटिव्हा म्हणतात. तो अस्वच्छतेने होत नाही आणि कुणाला लागतही नाही. अनेक बायका लाजेने कुणाला दाखवत नाहीत, घरचेही "नीट आंघोळ करत जा" म्हणतात. त्यांचा यात काडीचाही दोष नाही. धूम्रपान आणि वजनाने त्रास वाढतो, आणि त्याला त्वचारोगतज्ज्ञाचे दीर्घ उपचार आहेत. लवकर गेलात तर बोगदे होण्याआधी आवरता येतं.

केव्हा थांबायचं नाही

ताप आला, थंडी वाजली, लाली पसरत चालली, पुळीपासून लाल रेघ वर सरकताना दिसली, तर त्याच दिवशी दवाखाना. लालीच्या कडेने पेनाने रेघ मारून ठेवा. चार-सहा तासांनी लाली रेघेबाहेर गेली असेल तर सकाळची वाट बघू नका. पुळी नाक-डोळ्याजवळ किंवा पाठीच्या कण्यावर असेल, तुम्हाला मधुमेह असेल, गर्भारपण असेल, कॅन्सरचे उपचार किंवा स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील, रुग्ण तान्हं बाळ असेल, तर लहान पुळीही दाखवून घ्या. बाकीच्यांनी गळवाला दोन-तीन दिवस आणि वरवरच्या पुळ्यांना आठवडाभर वेळ द्यावा, मग जावं.

शहरात त्र्यंबक रोडला जिल्हा रुग्णालय आहे, नाशिकरोडला महापालिकेचं बिटको. तालुक्यात असाल तर आधी जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत, तेव्हा पैशासाठी अंगावर काढू नका. जाताना पहिल्या दिवसापासूनचे फोटो आणि आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूबा सोबत न्या. काय लावलं ते लपवू नका, चुना-गूळ असला तरी सांगा. काम काय करता तेही सांगा. मशीन, फवारणी, गोणी, दाढी, यातलं काहीही. घाईत डॉक्टर विचारायचे राहतात आणि तिथेच उत्तर असतं.

पुळी बसल्यावर काळसर डाग उरतो. आपल्या त्वचेला ते चालायचंच, काही आठवडे किंवा महिने लागतात. लिंबू चोळू नका, घासणीने घासू नका. उघड्या जागेवर असेल तर ऊन टाळा, सनस्क्रीन लावा. आणि जागा पूर्ण सपाट होऊन हात लावल्यावर दुखेनाशी होईपर्यंत त्यावरून ब्लेड फिरवू नका.